धन्याला ठसका लागत नाही

मी कोल्हापूरची म्हटल्यावर समोरचा माणूस हमखास तांबड्या-पांढऱ्या रश्शावर येतो. प्रवासात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. मी सांगते की आम्ही शैव, आमच्या घरात रश्शाला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही. मग त्याचा चेहरा पडतो आणि तो मिसळीवर येतो. मिसळ मी खाते, पण ती बाहेर जाऊन खायची गोष्ट झाली. आमच्या जिल्ह्यात ज्या एका पदार्थावर घरोघरचं वर्ष निघतं, त्याबद्दल मला आजवर एकानंही विचारलेलं नाही. तो पदार्थ म्हणजे चटणी.

पुण्या-मुंबईकडच्या लोकांना चटणी म्हटलं की खोबऱ्याची वाटी आठवते. आमची चटणी ती नव्हे. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने, मेथी आणि नाना जातींचा खडा मसाला भाजून, कुटून एकजीव केलेला लालभडक ऐवज म्हणजे आमची चटणी. आमटीत तीच, वांग्यात तीच, मटकीत तीच. घरात काहीच नसलं तर भाकरीवर घालून वर कच्चं तेल ओतायचं, की झालं जेवण. ती वर्षातून एकदाच करायची, होळीनंतर उन्हं तापली की. त्यामुळे एखाद्या वर्षी बिघडली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बिघडलेलीच खायची, पाहुण्यांनाही तीच वाढायची आणि त्यांचं नाक मुरडणं बघायचं. म्हणून आमच्याकडे बायकांचं नाव होतं किंवा जातं ते चटणीवर.

माझं माहेर गडहिंग्लजचं. पुढे भांड्यांचं दुकान, मागे घर. दुकानात वडील आणि थोरले चुलते, घरात आई आणि थोरली चुलती. तिला आम्ही दोडव्वा म्हणायचो. थोरल्या चुलतीला आमच्या बाजूला कानडी वळणानं तसंच म्हणतात. दोडव्वा अंगानं आडवी, आवाजानं त्याहून मोठी. ती परसात बोलली की पुढे दुकानात गिऱ्हाइकाला कळायचं आज आमच्याकडे कसली भाजी आहे. आमच्या भागात बायकाही ‘मी आलो, मी गेलतो’ असंच बोलतात. दोडव्वाच्या तोंडून ते ऐकलं की नवख्याला वाटे, आत कुणी पैलवान राहतो.

घरात चटणीच्या कामाची वाटणी ठरलेली होती. मिरची निवडणं, वाळवणं, देठं काढणं सगळ्यांनी मिळून. कुटायला डंकावर जायचं ते दोडव्वानं. डंक म्हणजे यंत्रावर चालणारी लोखंडी मुसळं. तिथं डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं, नाहीतर आपल्या डब्यात शेजारणीची मिरची येते. तिथं दोडव्वाच हवी. आणि भाजणं मात्र माझ्या आईचं. आजी जिवंत असताना तिनं हे काम थोरल्या सुनेच्या हातून काढून धाकटीला दिलं होतं. दोडव्वाला घाई फार. तिनं लागोपाठ दोन वर्षं तीळ करपवले, तेव्हा आजीनं भर अंगणात कढई आईच्या हातात दिली. हे मी ऐकलेलं. पण दोडव्वाला त्याचा सल आहे हे मी स्वतः बघत आले होते. भाजणीचा दिवस आला की ती स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसायची आणि म्हणायची, “भाजायचं म्हंजे काय मोठं. हलवत ऱ्हायचं, दुसरं काय.”

आईचं माहेर सीमेपलीकडच्या एका खेड्यातलं, बेताचं. लग्नात तिच्या बाजूनं आलेल्या भांड्यांवरून आमच्या भांड्यांच्या दुकानदार घरात किती बोललं गेलं असेल, याची कल्पना करा. ती बोलायला कमी, दिसायला बारीक. बाजारात कुठली साडी घ्यायची, पाहुण्यांना काय करायचं, यातलं काही तिला कुणी विचारत नव्हतं. पण भाजणीच्या दिवशी तीच मालकीण. त्या दिवशी चुलतेसुद्धा आत येऊन तिला विचारून चहा मागायचे. चटणीचे डबे इचलकरंजीच्या आत्याकडे, आईच्या कोल्हापूरच्या मामेसासऱ्यांकडे एसटीनं जायचे आणि उलट निरोप यायचा, धाकटीच्या हाताला चव आहे. हा निरोप दोडव्वाच मोठ्यानं वाचून दाखवायची आणि वर म्हणायची, “घ्या, आता डोक्यावर बसवा.”

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि मी नववीत होते, तेव्हा आई थंडीत आजारी पडली. ताप तीन आठवडे हटेना. डोकं गच्च, नाक गच्च. पुढे ताप गेला, ती उठली, कामाला लागली. आम्ही म्हटलं, सुटलो.

मिरच्या आल्या तेव्हा माझी परीक्षा संपलेली होती. एके दुपारी आई अंगणाकडे तोंड करून मिरच्यांची देठं खुडत बसली होती आणि मी मागे स्टोव्हमध्ये रॉकेल भरत होते. हात निसटला. चांगलं वाटीभर रॉकेल फरशीवर सांडलं. मी पाठीवर धपाटा पडायची वाट बघत तशीच बसले, कारण आई बोलायला कमी असली तरी रॉकेलच्या बाबतीत गय करत नसे. धपाटा पडला नाही. मी फडक्यानं फरशी पुसली. फडकं चिंब झालं, खोलीभर वास कोंदला, माझं मलाच मळमळायला लागलं. आई आपली देठं खुडतेच आहे. मी फडकं घेऊन तिच्या शेजारून जायला लागले तर तिनं वर न बघता हात पुढे केला आणि म्हणाली, “आन ते फडकं हिकडं. मिरच्यास्नी धूळ लई हाय.”

“आई, रॉकेल हाय त्याला.”

तिचा हात तसाच राहिला. मग तिनं फडकं घेतलं, नाकाशी नेलं, दोनदा ओढून श्वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी चौदा वर्षांची होते, पण ते बघणं मला कळलं. तिला भीती वाटत होती. माझी.

तिनं दार लोटून घेतलं आणि सांगितलं. तापापासून वास गेला होता. फुलाचा नाही, शेणाचा नाही, कशाचाच येत नव्हता. जेवणात तिखट कळायचं, मीठ कळायचं, गोड आणि कडू कळायचं. बाकी वांगं काय आणि बटाटा काय, सगळं एकच. “माझीच चटणी मला वळखू यीना झालीया,” ती म्हणाली. आणि चार दिवसांवर भाजणी. खोबरं डोळ्यांना दिसतं, तीळ तडतडतात. पण धन्याचा रंग शेवटपर्यंत धन्यासारखाच असतो, मेथी क्षणात कडू होते आणि दगडफूल मुळातच काळं. तिथं नाकाशिवाय काही चालत नाही.

“सांग की घरात,” मी म्हटलं. “डॉक्टरला दाखवू.”

“आणि कढई कुणाकडं जाईल?”

मी फळीवरच्या कढईकडे बघितलं.

“ह्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच हाय,” ती म्हणाली. “कुणाला बोलू नगंस. दोडव्वाला तर मुळीच न्हाय.”

आता आठवलं की वाटतं, केवढीशी गोष्ट. एक लोखंडी कढई आणि एक उलथनं. पण माणसाला उभं राहायला जागा किती लागते. आईला तेवढीच मिळाली होती आणि ती जायची वेळ आली होती. मी त्या दिवशी ठरवलं की जाऊ द्यायची नाही, आणि खरं सांगते, त्यानं माझी छाती जरा फुगलीच.

भाजणीच्या दिवशी मी चुलीशेजारी पाट मांडून बसले. आईनं युक्ती काढली होती. ती मला सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारायची, “सांग बघू, आला का वास?” म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं, आई लेकीला शिकवतेय. मी हुंगून म्हणायचे, “न्हाय अजून.” मग थोड्या वेळानं म्हणायचे, “आला.” की कढई खाली. दारात दोडव्वा लसूण सोलत बसलेली. मिरच्यांचा धूर झाला की ती ठसक्यानं बेजार व्हायची, पण उठायची नाही. “मोठ्या परीक्षा घ्यायला लागलीस पोरीच्या,” ती आईला म्हणाली. “मॅट्रिकला बसवतीस काय चटणीच्या?”

मेथीच्या वेळी मी जरा गोंधळले. वास आल्यासारखा वाटत होता आणि नव्हताही. मी तोंड उघडणार तेवढ्यात दोडव्वाला दारात जोराचा ठसका लागला, आणि आईनं माझ्या उत्तराची वाट न बघता कढई उतरवली. मला वाटलं, इतक्या वर्षांचा हात, अंदाजानं उतरवली असेल. चटणी झाली, डबे गेले, आणि निरोप आले ते नेहमीचेच. मी वर्षभर शाळेत ताठ मानेनं वावरले. कुणाला सांगता येत नव्हतं एवढंच दुःख.

असं सात वर्षं चाललं. दहावी झाली, बारावी झाली, कोल्हापूरला हॉस्टेलवर राहून पदवी झाली. चैत्रात काहीही असो, मी गडहिंग्लज गाठायची. मैत्रिणी पन्हाळा, जोतिबा फिरायला निघायच्या आणि मी पिशवी घेऊन स्टँडवर. त्या हसायच्या, चटणीसाठी कोण जातं गं एवढं. मी त्यांच्यावर उखडायची. मला वाटायचं, ह्यांना काय कळणार, एका बाईची लाज माझ्या नाकाच्या शेंड्यावर उभी आहे. आता स्वतःचंच हसू येतं, पण तेव्हा मी ते अगदी मनापासून मानत होते. दोडव्वाकडे तर मी संशयानंच बघायची. ती दारात का बसते, कान देऊन काय ऐकते, कढईकडे का बघते. लसूण परसात बसून सोलता येत नाही का हिला. एकदा मी तोंडावर तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “परसात ऊन हाय. तुझ्या बाचं काय जातंय?”

मग माझं लग्न झालं. सासर कोल्हापुरातलं. ते वर्ष बरं गेलं, चैत्रात मी हट्टानं माहेरी जाऊन आले. दुसऱ्या वर्षी मला आठवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी एसटीचं नावच काढू दिलं नाही. गंमत म्हणजे त्या महिन्यांत माझं नाक इतकं तिखट झालं होतं की शेजारच्या वाड्यात फोडणी पडली तरी मला मोहरी किती घातली ते कळत होतं. आणि ते नाक घेऊन मी कोल्हापुरात पलंगावर बसून होते.

आईचं पत्र आलं नाही, निरोप आला नाही. ती विचारणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. डंकावरचा नंबर ठरला की भाजणी त्याच्या आदल्या दिवशी, पुढे ढकलता येत नाही. मी दोन दिवस तळमळले. शेवटी कोपऱ्यावरच्या बूथमधून दुकानात फोन लावला. चुलत्यांनी उचलला. आईला बोलवा म्हटलं, तर ती मठात गेलेली. फोनवर आली दोडव्वा.

“काय गं, दुखाय लागलं काय?”

“न्हाय. दोडव्वा, एक सांगायचं हाय.” आणि मी रडायलाच लागले. आठ वर्षं पोटात ठेवलेलं ते मी त्या बूथमध्ये उभी राहून एका दमात सांगून टाकलं. आईला वास येत नाही. यंदा मी नाही. मेथी करपेल, धने करपतील, सगळे बोलतील. तू कढई घेऊ नकोस. हवं तर पाया पडते, पण कढई घेऊ नकोस.

 दोडव्वा गप्प आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

“झालं बोलून?” ती म्हणाली.

“व्हय.”

“मला म्हाईत हाय.”

“कवापासनं?”

“तुझ्या आदीपासनं. ताप उतरला त्या आठवड्यात तिनं माझ्या फुडं नासलेल्या दुधाचा च्या ठेवला. वास सुटला हुता सगळ्या घरात. ती आपली हसत हुती माझ्याकडं बघून.”

“मग तू काय केलंस?”

“पिलो की.”

पुढं तीच बोलली, नेहमीच्या खणखणीत आवाजात नाही, हात धरून आडोशाला नेल्यासारखी. म्हणाली, कढई घेऊन मी काय करू? माझ्या हाताला धीर न्हाय, सासूबाईंनी काढून घेतली ते बरंच केलं. तुझ्या आईला भाजाय येतं. नुसतं नाकच गेलंय न्हवं? नाक माझ्याकडं हाय.

“आणि एवढी शिकलीस, तुला कवा कळलं न्हाय व्हय गं? मिरचीला ठसका लागतोय, ते ठीक. धनं भाजताना कुणाला ठसका लागतोय?”

मी बूथच्या काचेला डोकं टेकून उभी होते. आठ वर्षांतले सगळे चैत्र माझ्यासमोरून गेले. धन्याला ठसका. जिऱ्याला ठसका. मेथीला तर खोकल्याची उबळच. ती दारात कढईवर डोळा ठेवून बसत नव्हती, नाक लावून बसत होती.

“मी खोकलो की तिला कढईची आठवण हुती, ती उतरवती. का खोकलो ते तिला कळत न्हाय,” दोडव्वा म्हणाली. “तू हुतीस तवा मला काम कमी. आता ठेव फोन, गिऱ्हाईक खोळंबलंय. आणि मला कळलंय म्हून तिला बोलायचं न्हाय. तिचा जीव अर्धा हुईल.”

आठ दिवसांनी एसटीनं डबा आला, कडीचा, पंच्यात बांधलेला. मी झाकण काढलं. तसूभर फरक नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी राग आला, तोही स्वतःचा. माझ्यावाचून अडलं नव्हतं. मग बाळंतपण, मूल, नोकरी, यात तो राग कुठं गेला ते कळलं नाही. राहिली ती दोडव्वाबद्दलची माया. पुढं कधी चैत्रात जाणं झालं तरी मी पाटावर बसेनाशी झाले. म्हणायचे, माझं डोकं दुखतंय, आणि लांबून बघत राहायचे. चुलीपाशी आई पाठमोरी, दारात दोडव्वा लसणाच्या ढिगाला भिडलेली. दोघी एकमेकींशी बोलत नसत. बोलल्या तर वादच. “सावकाश हलव की, पळतंय काय कुठं?” “तुमी लसूण बघा.” मग एक ठसका, आणि कढई खाली. मला तेव्हा वाटायचं, हे मला एकटीलाच दिसतंय. शहाणपणाचा ताठा असा सहजासहजी जात नाही.

दोडव्वा गेली ती दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी, थंडीत. दोन दिवसांचं दुखणं झालं, तिसऱ्या दिवशी उठलीच नाही. एवढा मोठा आवाज घरातून गेल्यावर घर कसं होतं ते सांगता येत नाही. चुलते दुकानात बसून आत कान द्यायचे.

चैत्र लागला. वडिलांचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत. म्हणाले, “तुझी आई यंदा मिरची आणू नगा म्हणतीया. विकतची पुडी आणा म्हणतीया.” विकतची पुडी हे शब्द उच्चारताना त्यांचा आवाज असा झाला होता की घरात आणखी कुणी गेलंय की काय.

मी रजा टाकून गेले. स्वयंपाकघरात कढई फळीवर पालथी घातलेली होती. आई निवांत गहू निवडत होती. मी तिच्यापुढे बसले. सगळा धीर गोळा करून म्हटलं, “आई, मी हाय की. पूर्वीसारखी पाटावर बसते. कुणाला कळायचं न्हाय.”

तिनं गव्हातला खडा काढून बाजूला टाकला.

“तुझ्यानं हुणार न्हाय.”

“का? आठ वर्षं केलं की मी.”

ती माझ्याकडे बघून हसली. कुजकं नाही, लहान पोरीकडे बघून हसतात तसं.

“तुझं नाक बरं हाय. पर तुला मेथी कधीच कळली न्हाय. तू कायम उशीर करायचीस. मी तुला इचारत हुतो, पर कान दाराकडं असायचा.”

 मग मी विचारलं, तिला ठाऊक होतं का, की दोडव्वाला ठाऊक आहे.

“पहिल्या वर्षी वाटलं, असंल ठसका. दुसऱ्या वर्षी धन्याला खोकली तवा कळलं. धन्याला ठसका लागत न्हाय.”

“मग बोलली का न्हाईस तिला? एवढी वर्षं?”

“काय बोलायचं? बोललो असतो तर ती लाजली असती. बाहेर कळलं असतं तर तिला कढई घ्यावी लागली असती, आणि तिला ती नको हुती.” आईनं सूप खाली ठेवलं. “तिनं मला कधी सांगितलं न्हाय, मी तिला कधी सांगितलं न्हाय. पंधरा वर्सं भाजली चटणी आमी दोघीनी. लोक म्हणायचे, धाकटीच्या हाताला चव हाय.”

 दोडव्वा गेली तेव्हा ती रडली नव्हती. पाहुण्यांचं चहापाणी बघत होती. ती आत्ता रडली, गव्हाच्या सुपापुढे, पदर तोंडात घालून. मीही रडले. माझ्या रडण्यात थोडा अपमानसुद्धा होता, खोटं कशाला बोलू. माझ्या नाकाच्या शेंड्यावर काहीच उभं नव्हतं. दोन बायका एकमेकींना सांभाळत होत्या आणि मी मधे पाट मांडून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी आणि वडील बाजारात जाऊन संकेश्वरी मिरची घेऊन आलो.  उन्हात मिरच्या पसरल्या तेव्हा आई आपणहून देठं खुडायला बसली. भाजणीच्या दिवशी तिनं फळीवरून कढई काढली, चुलीवर ठेवली आणि पाट मांडला. मी पाटावर बसले नाही. लसणाचं सूप घेतलं आणि दारात जाऊन बसले, दोडव्वा बसायची त्याच जागी, चौकटीला पाठ लावून. आईनं एकदा मागे वळून बघितलं आणि पुन्हा चुलीकडे तोंड केलं.

खोबरं झालं, तीळ झाले. धन्याला मी नाक लावून बसले होते. वास आला तशी मी खोकले, आणि कढई खाली आली. जिऱ्यालाही जमलं. मग मेथी पडली. मी त्या दारात बसून समोर आईची पाठ बघत होते, ती पाठ जरा वाकलेली, मान किंचित माझ्याकडे कललेली, कान दिलेला. इतकी वर्षं दोडव्वाला इथून हेच दिसत असणार. मी तिकडेच बघत राहिले. मेथीचा वास आला हे मला कळलं, या वेळी अगदी नेमकं कळलं, पण खोकला काही फुटेना. फुटला तेव्हा उशीर झाला होता.

आईनं कढई उतरवली. मेथीचा एक दाणा घेऊन चावला. कडू तिला कळायचं.

“करपली,” मी म्हटलं. “टाकू दे. दुसरी भाजू.”

“टाकायची न्हाय,” ती म्हणाली. “यंदा अशीच असू दे.”

त्या वर्षीची चटणी सगळ्यांना गेली. इचलकरंजीला गेली, कोल्हापूरला माझ्या सासरी आली, आईच्या मामेसासऱ्यांकडे गेली. घशाशी किंचित कडवटपणा राहायचा. दरवर्षीचे निरोप आले नाहीत, आणि कडू आहे असंही कुणी कळवलं नाही. चुलते रोज भाकरीवर घेऊन तेल ओतून खायचे आणि पुन्हा मागायचे. पुढच्या चैत्रापर्यंत आम्ही सगळ्यांनी तीच खाल्ली.